फिजिओकडे गेलो आणि नुसतं बोलणंच झालं

या वेळी आलेली बरीचशी पत्रं फिजिओकडे पहिल्यांदा जाण्याबद्दलची आहेत. कुणी जाऊन आलंय आणि गोंधळलंय, कुणाला डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय पण ती दोन महिने पर्समध्येच पडून आहे. मी गेली १७ वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतेय आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी नवीन माणूस दारातून आत येताना चेहऱ्यावर तीच काळजी घेऊन येतं, की आता हे मला किती दुखवणार. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले.

प्रश्न: ताई, माझं वय ४४. कंबर तीन महिने दुखतेय, शेवटी फिजिओकडे गेलो. पाऊण तास होतो, त्यातला निम्मा वेळ प्रश्नच चालू होते, झोप कशी लागते, काम काय करता, लघवीला त्रास आहे का, वजन कमी झालंय का वगैरे. मग वाकायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून बघितली. मशीन नाही, शेक नाही, मालिश नाही. दोन व्यायाम दिले आणि आठवड्याने या म्हणाले. खरं सांगतो, फसवल्यासारखं वाटलं. असंच असतं का?

हो दादा, असंच असतं, आणि तुमच्या पत्रावरून मला तरी वाटतंय की तुम्हाला चांगला फिजिओ मिळालाय.

ते प्रश्न उगाच नव्हते. सकाळी उठल्यावर कंबर किती वेळ आखडलेली असते हे विचारलं असेल बघा, पाच-दहा मिनिटांत मोकळी होत असेल तर वेगळा विचार करायचा आणि अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागत असेल, हालचाल केल्यावर बरं वाटत असेल आणि विश्रांतीने उलट वाढत असेल तर सांध्यांना सूज आणणारा आजार आहे का हे बघायला लागतं. वाकल्यावर दुखतं की उभं राहिल्यावर, बसून उठताना चमक निघते की चालून चालून पाय जड होतो, खोकला आला शिंक आली की कळ पायात उतरते का, प्रत्येक उत्तराने आमच्या डोक्यातला एकेक दरवाजा बंद होतो किंवा उघडतो. कामाचं विचारलं कारण आठ तास गाडी चालवणाऱ्याची कंबर आणि आठ तास उभं राहणाऱ्याची कंबर यांना एकच व्यायाम देऊन चालत नाही. झोपेचं विचारलं कारण झोप नीट नसली की तेच दुखणं जास्त जाणवतं.

आणि लघवीचा प्रश्न. तो ऐकून बरेच लोक अवघडतात, कंबरेचा आणि त्याचा काय संबंध असं वाटतं. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा एक जुडगा असतो, त्याच नसा मूत्राशय आणि शौचाच्या जागेकडे जातात. कंबर दुखत असताना अचानक लघवी होईनाशी झाली किंवा कळेनाशी झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, दोन्ही पायांतली ताकद कमी व्हायला लागली, तर फिजिओची अपॉइंटमेंट वगैरे विसरायचं आणि त्याच दिवशी, त्याच तासाला मोठ्या हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जायचं. उशीर झाला तर नसांचं कायमचं नुकसान होऊ शकतं. विनाकारण वजन घटणं, ताप, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्री कुठल्याही कुशीवर न थांबणारी कळ, हे विचारतात तेसुद्धा याचसाठी, की हे दुखणं व्यायामाचं आहे की आधी डॉक्टरांनी बघायला हवं. असं काही सापडलं तर फिजिओने तुम्हाला पुढे पाठवायचं असतं, आणि तोही उपचारच आहे.

चवड्यांवर चालवलं ते पोटरीकडे जाणारी नस नीट काम करतेय का बघायला, टाचांवर चालवलं असेल तर पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूंसाठी. हातोडीनेही नसांचंच बघतात. उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला असेल, त्यात साधारण ३० ते ७० अंशांच्या मध्ये कुठेतरी तुमची ती ओळखीची कळ गुडघ्याखालपर्यंत गेली तर नस चिडलीय असा संशय येतो, आणि नुसती मांडीची मागची बाजू ताणल्यासारखी झाली तर बहुतेक वेळा तो आखडलेला स्नायू असतो. ताकद आम्ही ० ते ५ अशी मोजतो, ० म्हणजे स्नायू हलतच नाही, ३ म्हणजे तो हात किंवा पाय नुसत्या स्वतःच्या वजनासकट वर उचलता येतो, ५ म्हणजे आम्ही जोर लावला तरी तो हरत नाही. हे आकडे लिहून ठेवतात, कारण तीन आठवड्यांनी तुम्ही म्हणाल काहीच फरक नाही आणि तेव्हा कागद काढून दाखवता येतं की तुम्ही आधी गुडघ्यापर्यंत वाकत होतात, आता नडगीपर्यंत वाकताय.

एक तक्रार मात्र तुमची रास्त असू शकते. एवढं सगळं बघितल्यावर त्यांनी तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगायला हवं होतं की त्यांना काय वाटतंय, साधारण किती दिवस लागतील, हे दोनच व्यायाम का आणि रोजच्या कामात काय बदलायचं. सांगितलं नसेल तर पुढच्या वेळी बिनधास्त विचारा. विचारलेलं आम्हाला आवडतं, खरंच.

दोनच व्यायाम दिले हेही मला आवडलं. बारा व्यायामांचा कागद घेऊन गेलेली माणसं चौथ्या दिवशी तो कागद कुठे ठेवला ते विसरतात, हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता मी स्वतः पहिल्या दिवशी तीनच्या पुढे जात नाही.

प्रश्न: माझ्या आईचं वय ६८, दोन्ही गुडघे धरलेत. डॉक्टरांनी फिजिओ सांगितलंय पण ती म्हणते गुडघ्यातलं वंगण संपलंय, आता व्यायाम केला तर उरलंसुरलं पण झिजेल. तिला कसं समजावू? आणि तिथे नक्की काय करतील?

आईंची भीती अगदी मनापासूनची आहे, त्यामुळे तिला वेड्यात काढू नका. झीज हा शब्द ऐकला की कुणालाही यंत्राचा घासलेला भागच डोळ्यांसमोर येतो, मग वापरायचं कमी केलं की टिकेल असं वाटणारच.

पण गुडघ्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, तशी नसते. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, तिला जे काही पोषण मिळतं ते सांध्यातल्या पातळ द्रवातून, आणि तो द्रव आत-बाहेर होतो ते सांध्यावर भार पडला आणि सुटला की, स्पंज दाबून सोडल्यासारखं. म्हणजे हालचाल बंद केली की कूर्चेला पोषण मिळायचं कमी होतं. शिवाय मांडीचा पुढचा स्नायू बसून बसून बारीक होतो आणि मग जो धक्का त्याने झेलायचा तो थेट सांध्यावर येतो. म्हणून गुडघ्याच्या झिजेत व्यायाम हा आधी करायचा उपचार मानतात, गोळ्या त्याच्या जोडीला.

पहिल्या दिवशी गुडघा किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का हे कोनमापकासारख्या एका साधनाने मोजतील. खुर्चीतून हात न टेकता ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं हे मोजतील, किंवा खुर्चीतून उठून ३ मीटर चालून वळून परत येऊन बसायला सांगतील आणि घड्याळ लावतील. ही परीक्षा नाही, आईंना आधीच सांगून ठेवा, कारण मोठ्या वयाची माणसं तिथे उगाच जोर लावून दाखवतात आणि घरी येऊन दोन दिवस झोपून काढतात.

व्यायाम बहुतेक साधे असतील. बसून पाय सरळ करून धरणं, उंच खुर्चीतून हळू उठणं-बसणं, एका पायरीवर चढ-उतर. दुखेल का? थोडं दुखू शकतं. आमचा हिशोब असा असतो की ० ते १० मध्ये करताना ३-४ पर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या जागी आलं तर चालेल. रात्रभर ठणकलं, गुडघा सुजला, तर मात्रा जास्त झाली, पुढच्या वेळी निम्मं करायचं, बंद नाही करायचं. नवीन व्यायामाने मांडी भरून येणं वेगळं, ते एक ते तीन दिवसांत जातं.

फरक कधी दिसेल हे तिला आधीच सांगा नाहीतर ती दोन आठवड्यांत सोडून देईल. ताकद खऱ्या अर्थाने वाढायला ६ ते ८ आठवडे लागतातच, बऱ्याचदा १२. वजन जास्त असेल तर तेही हळूहळू, कारण १ किलो कमी झालं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोंनी कमी होतो, गुडघ्याची झीज असलेल्या माणसांवर मोजून बघितलेला आकडा आहे हा.

आणि तोवर दोन गोष्टी आजच करा. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली. काठी घेत असेल तर जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. बहुतेक जण नेमकी दुखऱ्या बाजूला धरतात. काठीची उंची हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत.

प्रश्न: वय ३४. कंबर दुखते म्हणून केलेल्या एमआरआयमध्ये दोन ठिकाणी मणक्यांमधली गादी फुगलेली आणि झीज असं आलंय. रिपोर्ट वाचल्यापासून मी वाकायलाच घाबरते, मुलाला उचलत नाही. फिजिओने रिपोर्ट बघितला आणि बाजूला ठेवला. एवढं गंभीर असून?

रिपोर्ट बाजूला ठेवला म्हणजे दुर्लक्ष केलं असं नाही गं. २०१५ मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला, ३३ अभ्यास एकत्र केले होते, कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० माणसांचे मणके त्यात होते. तिशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांमध्ये सुमारे ५२ टक्क्यांना गादीची झीज होती आणि ४० टक्क्यांना गादी फुगलेली होती. ऐंशीच्या वयात झीज ९६ टक्क्यांना. म्हणजे तुझ्या वयाच्या, मजेत फिरणाऱ्या कितीतरी जणींचा एमआरआय काढला तर तुझ्यासारखाच रिपोर्ट येईल, फक्त त्यांनी काढलेला नाही. त्वचेला सुरकुत्या पडतात तसं बरंचसं हे आतलं वय असतं.

याचा अर्थ तुझं दुखणं खोटं आहे असा मुळीच नाही, दुखतंय ते खरंच दुखतंय. पण फोटोत जे दिसतं आणि जे दुखतं ते जुळतंय का हे तुला तपासूनच कळतं, म्हणून फिजिओ आधी तुझ्याकडे बघते आणि मग कागदाकडे. पायातली ताकद कमी झाली असेल, बधिरपणा असेल, तर हाच रिपोर्ट एकदम महत्त्वाचा होतो.

मला जास्त काळजी तुझ्या घाबरण्याची वाटते. न वाकून न वाकून पाठीचे स्नायू दिवसभर ताठ राहतात आणि तेच दुखायला लागतात. तुझ्या फिजिओला सांग की मला मुलाला परत उचलायचंय. एवढं स्पष्ट ध्येय मिळालं की आम्हाला उपचार ठरवणं फार सोपं जातं, आधी रिकामी पिशवी, मग थोडं वजन, मग जास्त, मग मूल. बहुतेक वेळा होतं हे.

प्रश्न: नाव छापू नका. बाळंतपणाला दीड वर्ष झालं, खोकलं किंवा उडी मारली की लघवी गळते. डॉक्टर म्हणाल्या फिजिओकडे जा. मला कळतच नाहीये तिथे काय तपासतील, विचारानेच नको वाटतं.

पत्र लिहिलंस हेच मला खूप मोलाचं वाटलं. हा त्रास इतक्या जणींना असतो आणि इतक्या कमी जणी बोलतात.

पहिल्या भेटीत बराच वेळ बोलणंच असतं, किती वेळा जावं लागतं, कधी गळते, बाळंतपण कसं झालं, टाके पडले होते का, बद्धकोष्ठ आहे का. तीन दिवस किती प्यायलं आणि किती वेळा गेलीस याची नोंद करायला सांगतील. तपासणी करायची तर ती बंद खोलीत, चादर पांघरून, आणि आतून तपासायचं असेल तर आधी समजावून सांगून तुझी स्पष्ट परवानगी घेऊनच. तू नाही म्हणू शकतेस. हो म्हणून मध्येच थांबा म्हणू शकतेस. सोबत कुणाला घेऊ शकतेस. नाही म्हटलीस तरी उपचार होतात, मूत्राशयाला खालून आधार देणारा स्नायू वर उचलला जातोय का ते काही ठिकाणी बाहेरून किंवा पोटावर सोनोग्राफी लावून बघतात. आतून तपासणं एवढ्याचसाठी की अनेक जणी वर उचलायच्या ऐवजी खाली ढकलत असतात, आणि त्यांना ते कळत नाही.

व्यायाम साधारण असा, गॅस अडवताना आणि लघवी थांबवताना जे आवळतो ते दोन्ही एकत्र आवळून वर ओढायचं, श्वास चालू ठेवायचा, मग पूर्ण सोडायचं. एका वेळी किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा, किमान ३ महिने. खरंच लघवी करताना धार थांबवून सराव करू नकोस, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. आणि एखादीचे हे स्नायू सैल नसून कायम आवळलेले असतात, तिला आधी सोडायला शिकवावं लागतं, म्हणून एकदा तपासून घेणं बरं.

प्रश्न: जाताना काय घालू, काय नेऊ?

जो भाग दुखतो तो उघडा करता येईल असं काहीतरी सैल. गुडघ्याला शॉर्ट्स, खांद्याला बिनबाह्यांचं. रिपोर्ट, गोळ्यांची नावं (रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी सांगायची), पूर्वीची ऑपरेशनं, पेसमेकर किंवा शरीरात कुठे धातू असेल तर ते. टाच किंवा गुडघा दुखत असेल तर रोजचे जुने बूट, ते कुठल्या बाजूने झिजलेत त्यावरून पुष्कळ कळतं. कपडे काढायला संकोच वाटला तर सांगा, चादर मागा, काही बिघडत नाही.

प्रश्न: खांदा आणि मान दुखते म्हणून दहा वेळा जाऊन आलो. दर वेळी झोपवतात, मशीन लावतात, वीस मिनिटांनी काढतात, कधीकधी मानेला झटका देऊन कट असा आवाज काढतात. त्या दिवशी बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी परत तेच. व्यायाम एकही दिला नाही. अजून दहा वेळा यायला सांगितलंय. जाऊ का?

काका, मी माझ्याच व्यवसायाबद्दल बोलतेय त्यामुळे जपून पण स्पष्ट सांगते. आहे तसंच पुढे चालणार असेल तर नका जाऊ, आधी बोला.

मशीन वाईट नसतात. करंटचं मशीन लावलं की त्वचेवरच्या मुंग्या मेंदूकडे आधी पोचतात आणि दुखण्याचा निरोप थोडा अडतो, तेवढा वेळ आराम पडतो, आणि त्या आरामाच्या वेळात खांदा हलवून घ्यायचा असतो. नुसतं लावून घरी पाठवलं तर दुसऱ्या दिवशी परत तेच होणार, जे तुमचं होतंय. मालिशचंही तेच. आमच्या व्यवसायाची एक महत्त्वाची संस्था लंडनमध्ये १८९४ मध्ये चार नर्सनी सुरू केली ती मालिश करणाऱ्या प्रशिक्षित स्त्रियांची म्हणूनच, त्यामुळे हाताने उपचार करणं आम्हाला परकं नाही, पण तेव्हापासून आजपर्यंत हे शास्त्र खूप पुढे आलंय आणि आज व्यायाम हा त्याचा कणा आहे.

त्या कट आवाजाबद्दल, त्याने हाड जागेवर बसत नाही, कारण ते जागेवरून हललेलंच नसतं. सांध्यातल्या द्रवात एकदम पोकळी तयार होते त्याचा तो आवाज, बोटं मोडताना येतो तसाच, आणि २०१५ मध्ये बोटाच्या सांध्याचा चालू एमआरआय घेऊन हे बघितलंय. थोडा वेळ मोकळं वाटतं हे खरं. पण मानेला झटका देण्याआधी धोके सांगून तुमची परवानगी घ्यायलाच हवी. चक्कर येत असेल, हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मानेला झटका नको म्हणून सरळ सांगा.

पुढच्या वेळी खुर्चीत बसूनच विचारा, मशीनवर झोपल्यावर नाही. मला नक्की काय झालंय? दहा वेळांत काय सुधारलं, हात किती वर जातोय, मोजलंय का? घरी मी काय करायचं? किती दिवसांत फरक नाही पडला तर तुम्ही मला डॉक्टरांकडे पाठवाल? नीट उत्तरं मिळाली, व्यायाम सुरू झाले, तर तिथेच चालू ठेवा. टाळाटाळ झाली तर दुसरा फिजिओ बघा, त्यात कुणाचा अपमान नाही. आणि साखर असेल तर खांद्याचं हे जास्तच मनावर घ्या, मधुमेहात खांदा आखडून बसायचं प्रमाण जास्त असतं आणि तो सुटायला एक ते तीन वर्षंसुद्धा लागू शकतात.

प्रश्न: कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते. कानाच्या डॉक्टरांनी फिजिओकडे पाठवलं. चक्कर आणि फिजिओ, काही चुकलं तर नाही ना?

चुकलं नाहीये. आतल्या कानात कॅल्शियमचे अगदी बारीक कण असतात, ते आपली जागा सोडून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत गेले की डोकं हलल्यावर अशी गरगर होते. फिजिओ तुम्हाला बसवून, मान वळवून, पटकन आडवं करतील आणि डोळ्यांकडे बघत राहतील. त्या वेळी चक्कर येईल, मुद्दाम आणलेली असते ती, बहुतेक मिनिटभराच्या आत थांबते, डोळे मिटू नका कारण बुबुळं कशी हलतात त्यावरूनच कुठली नळी ते कळतं. मग डोकं ठराविक क्रमाने वळवत ते कण परत जागेवर नेतात. कित्येकांना एक-दोन भेटींत बरं वाटतं. मळमळू शकतं म्हणून पोट गच्च भरून जाऊ नका, आणि येताना गाडी स्वतः चालवू नका, कुणाला तरी सोबत न्या. चक्करेबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एक बाजू लुळी वाटली किंवा एकाचे दोन दिसले तर मात्र ही अपॉइंटमेंट नको, थेट हॉस्पिटल.